वाऱ्याकडे वळलेलं रॉकेट

त्या रविवारी माझ्या मुलीने मला दोनदा सांगितलं होतं, की वारा जास्त आहे. पहिल्यांदा गाडीतून उतरल्या उतरल्या आणि दुसऱ्यांदा माझी बाही धरून. तिचं म्हणणं मला पटलं नव्हतं, असं मी पुढे तीन-चार दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे पटलं होतं. मला फक्त तसंच परत जायचं नव्हतं.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. आम्ही राजाजीनगरात राहतो. माझ्या माहेरचे लोक कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूचेच. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ इतकी, की पुण्याहून आलेला माझा नवरा लग्नानंतरचे पहिले काही महिने आमचं बोलणं ऐकून नुसता हसायचा. मी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ड्रॉइंग तपासते. दुसऱ्याने काढलेल्या रेषांमधल्या चुका शोधणं हे माझं रोजचं काम, आणि त्या कामात मी चांगली आहे असं सगळे म्हणतात.

इंजिनियरिंगला असताना आम्ही चौघं पुठ्ठ्याची रॉकेटं उडवायचो. कार्यशाळेतले एक वयस्क तंत्रज्ञ आम्हाला शिकवायचे. चौघांत मुलगी मी एकटीच. नोकरी लागली, लग्न झालं, आणि ते सगळं सुटलं. अठरा-एकोणीस वर्षं मला त्याची आठवणही झाली नव्हती म्हटलं तरी चालेल. मग शाळेच्या प्रकल्पासाठी मुलीने बाटलीचं पाण्याचं रॉकेट केलं आणि त्याचे पंख वरच्या टोकाजवळ चिकटवले. मी भाजी चिरत होते. हातातली सुरी ठेवून तिच्याजवळ जाऊन बसले आणि पंख खाली का हवेत हे सांगायला लागले. ती नीट ऐकते. ऐकून झाल्यावर एकच प्रश्न विचारते आणि तो बहुधा नेमका असतो. त्या रात्री जेवायला उशीर झाला.

चार-पाच महिन्यांत आम्ही पाण्यावरून खऱ्या मोटारीवर आलो. मोटार म्हणजे अंगठ्याएवढी पुठ्ठ्याची नळी, आत ठासून भरलेलं जळण. ती तयारच विकत मिळते, घरी करायची नाही. आमच्या घरात तेवढा एक नियम नवऱ्याने घालून दिला होता. जळण संपलं की रॉकेट वेगात वर जात राहतं, आणि चार-पाच सेकंदांनी नळीच्या वरच्या टोकाची चिमूटभर दारू पेटून टोपी उडते आणि पॅराशूट बाहेर पडतं. हे सगळं वर आकाशात व्हायला हवं. ती चिमूटभर दारू जमिनीवर पेटली तर काय होईल, हा विचार मी केला नव्हता असं नाही. मुलीच्या वहीत पहिल्या पानावर तो लिहिलेला होता, माझ्याच सांगण्यावरून.

वही तिची होती. प्रत्येक उड्डाणाचं एक पान आणि त्यावर तिने पट्टीने आखलेले रकाने: मोटार, वारा, उंची अंदाजे, कुठे पडलं, बिघाड, कारण. वारा मोजायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. एका काठीला लाल रिबन बांधून ती काठी जमिनीत रोवायची आणि बघायचं. रिबन लोंबत किंवा फडफडत असेल तर उडवायचं. दहा आकडे होईपर्यंत आडवीच राहिली तर सामान आवरायचं. हा नियमही तिचाच.

शहरात कुठे उडवणार? मागडी रस्त्याने तासभर गेलं, की आत एक जुनं तळं लागतं. पावसाळ्यात जेमतेम भरतं आणि डिसेंबरनंतर त्याचं पात्र कोरडं, कडक, उघडं पडतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा बांधापलीकडच्या शेतातल्या बाईंना मी विचारलं होतं, इथे मुलीबरोबर कागदाचं रॉकेट उडवलं तर चालेल का. त्या माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मी त्यांना अक्का म्हणत होते. शेतात त्यांचं दोन खोल्यांचं घर, दोन गाई, एक वासरू आणि घरापासून थोड्या अंतरावर रागीच्या, म्हणजे नाचणीच्या, पेंढ्याची मोठी गंजी. कापणीनंतर रचलेली, पावसाळ्यापर्यंत गाईंना पुरवायची. अक्का म्हणाल्या, उडवा, पण स्वल्प लांबच, गाई बुजतात. त्यानंतर आम्ही तिथे सहा वेळा गेलो होतो. दोनदा त्यांनी लांबून हात केला होता.

सातव्या वेळी फेब्रुवारी संपत आला होता. नवं रॉकेट आधीच्यांपेक्षा लांब आणि मोटार एक पायरी मोठी. मुलीची परीक्षा तोंडावर आली होती, म्हणजे पुढचे चार रविवार मिळणार नव्हते. आम्ही सकाळी आठपर्यंत पोचायचो, कारण तेव्हा हवा पडलेली असते. त्या दिवशी पंखाचा एक जोड मला मनासारखा वाटेना, मी तो पुन्हा चिकटवत बसले आणि तळ्यावर पोचायला दहा वाजून गेले.

गाडीचं दार उघडल्यावर ते माझ्या हातातून निसटून पूर्ण उघडलं. मुलगी म्हणाली, वारा जास्त आहे. मी म्हटलं, काठी तर लावू.

काठी लावली. रिबन शेताकडून तळ्याकडे ताठ आडवी झाली. मुलीने मोठ्याने आकडे मोजले. चौदापर्यंत रिबन खाली आली नाही. मी म्हटलं, परत मोज. दुसऱ्यांदा आठाला रिबन थोडी कलली.

"बघ, आली खाली," मी म्हणाले.

"झोत गेला की येणारच ना. परत उठेल."

मी तिला समजावलं. वारा शेताकडून तळ्याकडे वाहतोय. म्हणजे पॅराशूट उघडल्यावर रॉकेट वाहत येऊन तळ्यातच पडणार. मागे एवढं मोकळं पात्र आहे, एक काडी गवत नाही. बोलताना माझा आवाज ऑफिसातल्यासारखा झाला होता, नव्या मुलांना चूक दाखवते तसा. तिने नेहमीसारखं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण पॅराशूट उघडेपर्यंत?"

"तोपर्यंत ते सरळच जाणार."

तेव्हा तिने माझी बाही धरली. "आई, आज नको."

मी बाही सोडवून घेतली आणि म्हटलं, चार आठवडे थांबायचंय का तुला? एरवी मोटार पेटवायच्या कंट्रोलरमध्ये किल्ली घालणं आणि बटण दाबणं हे तिचं काम. त्या दिवशी मी किल्ली पुढे केली तर तिने हात मागेच ठेवले. मग मीच किल्ली घातली, मीच मोजलं आणि मीच दाबलं.

रॉकेट जमिनीत उभ्या रोवलेल्या सळईवरून सुटलं आणि दोन माड उंच जायच्या आत वळलं. वाऱ्याबरोबर नव्हे, वाऱ्याकडे. पंख मागे असतात, वारा शेपटी मागे ढकलतो आणि नाक वाऱ्याच्या दिशेला येतं. छपरावरचा पत्र्याचा कोंबडा वाऱ्याकडे तोंड करतो, तसंच. मला हे विशीत असल्यापासून माहीत होतं. मुलीलाही मीच शिकवलं होतं. जळण अजून संपलेलं नव्हतं, आणि आता ते रॉकेटला वर नेत नव्हतं, आडवं नेत होतं. बांधावरून, गंजीवरून ते शेतात गेलं आणि गंजीच्या पलीकडे वाळक्या गवतात घुसलं. एक क्षण काहीच नाही. मग फट्‌ असा बारीक आवाज आला. दिवाळीतला लहान फटाका दोन घरं सोडून वाजावा, तेवढाच.

मी आधी शेताकडे पाहिलं, मग गाडीकडे. गाडीकडे पाहिलं, हे लिहायलाच हवं. आसपास कोणी नव्हतं, आम्हाला कोणी पाहिलेलं नव्हतं आणि गाडी वीस पावलांवर होती. हा विचार किती वेळ टिकला सांगता येत नाही, फार नसेल. पण तो संपेपर्यंत मुलगी पाण्याचा कॅन दोन्ही हातांनी धरून बांध चढत होती.

मी धावले आणि बांधावर तिच्या हातातून कॅन घेतला. उन्हात ज्वाळ दिसतच नव्हती. गवतात एक काळी रेघ दिसत होती, ती रुंद होत होती आणि तिच्या पुढचं गवत आपोआप वाकत होतं. वारा तिला गंजीकडे ढकलत होता. कॅनमधलं पाच लिटर पाणी मी ओतलं तेवढी जागा विझली आणि दोन्ही बाजूंनी आग पुढे गेली. मी बुटांनी तुडवायला लागले. मुलीला ओरडून सांगितलं, मागे जा, बांधावर उभी राहा. ती गेली की नाही हे पाहिलं नाही.

अक्का घराकडून पळत आल्या. त्यांच्या हातात दोन ओली गोणपाटं होती. एक त्यांनी माझ्याकडे फेकलं. काय झालं, कसं झालं, एक शब्द विचारला नाही. "गंजीच्या बाजूने मार, तिकडून नको," एवढंच म्हणाल्या. आम्ही गंजीकडे पाठ करून शेजारी शेजारी उभ्या राहून गोणपाटं आपटत होतो. धुराने डोळे उघडेनात. ओलं गोणपाट फार जड असतं आणि थोड्या वेळाने ते जड राहत नाही, कारण वाळलेलं असतं. माझं वाळलं तेव्हाच आग माझ्या डाव्या बाजूने निसटली आणि गंजीच्या कडेला लागली.

पेंढा पेटतो तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. तेव्हा अक्कांनी आग मारायचं सोडलं. न पेटलेल्या बाजूने त्या गंजीवर चढल्या आणि पेंढ्या उपसून खाली फेकायला लागल्या. पेटलेलं सोड, हे वाचव, लांब टाक, असं त्या ओरडत होत्या. मी कवेत मावतील तेवढ्या पेंढ्या घेऊन वाऱ्याच्या उलट बाजूला पळत होते, टाकत होते, परत येत होते. अशा किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. एका फेरीत परत येताना मी बांधाकडे पाहिलं. बांधावर कोणी नव्हतं.

मी हाक मारली. परत मारली. गंजीच्या मागे धूर जमिनीलगत वाहत होता आणि त्यात काही दिसत नव्हतं. अक्का वरून म्हणाल्या, वासरू तिथे बांधलंय. मी धुरात शिरले. तिथे एक खुंटा होता, पण खुंट्याला ना वासरू होतं ना दोरी. मी मुलीचं नाव घेऊन ओरडत होते आणि धूर तोंडात जात असल्यामुळे आवाज बाहेर येत नव्हता. त्या अर्ध्या मिनिटाबद्दल मी आजवर कोणाशी नीट बोललेले नाही. मी जमिनीवर हात फिरवत होते. ती पडली असेल असं मला वाटलं होतं.

ती शेताच्या दुसऱ्या टोकाला, पंपाच्या शेडजवळ सापडली. वासराची दोरी तिने मनगटाभोवती गुंडाळली होती आणि वासराने तिला सबंध शेतातून ओढत नेलं होतं. दोन्ही गुडघे सोललेले, मनगट लालबुंद. वासरू अजूनही ओढत होतं आणि ती टाचा रोवून बसली होती. दोरी अशी हाताला गुंडाळायची नसते, वासरू आणखी बुजलं असतं तर काय झालं असतं, असं मी तिला रागावून सांगायला लागले.

"ते बांधलेलं होतं, आणि कोणी बघत नव्हतं," ती म्हणाली.

मी दोरी सोडवली.

अर्ध्या तासात सगळं थंड झालं. गंजीचा अर्ध्याहून जास्त भाग जळला होता आणि उरलेल्या पेंढ्या शेतभर विखुरल्या होत्या. घराला, गाईंना काही झालं नव्हतं. अक्का दारातल्या दगडावर बसल्या. त्यांच्या पुढच्या केसांची टोकं करपली होती. आतून तांब्या आणून त्यांनी आधी मुलीला पाणी दिलं, मग मला. मी खाली बसून मुलीचा गुडघा धूत होते. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, शांतपणे, की हे असं झालं तरी कसं.

"वारा एकदम आला," मी म्हणाले. "उडवलं तेव्हा नव्हता."

माझ्या तळव्याखाली मुलीचा गुडघा ताठ झाला. मी वर पाहिलं नाही, धूत राहिले.

"हौदा," अक्का म्हणाल्या. कन्नडमध्ये त्याचा अर्थ एवढाच, की हो का.

मी भरपाईचं बोलायला लागले तर त्यांनी हात हलवून थांबवलं. या दिवसांत आसपास पेंढा विकायला कोणाकडेच नसतो, त्या म्हणाल्या. पाऊस पडून हिरवं उगवेपर्यंत दोन गाई आणि वासरू जगवायचं आहे. आणायचाच असेल तर पेंढा आण. मी म्हटलं, येत्या रविवारी आणते. त्यांनी माझा फोन नंबर मागितला नाही. मीच लिहून दिला.

परतीच्या वाटेवर मुलगी मागच्या सीटवर बसली. एरवी ती पुढे बसते. मी दोनदा विचारलं, दुखतंय का. दोन्ही वेळा "नाही" आलं. घरी नवऱ्याने तिच्या गुडघ्यांना औषध लावलं, मनगटावर बर्फ धरला आणि सगळी हकिकत ऐकून घेतली. वाऱ्याचं मी त्यालाही तसंच सांगितलं. त्याने मला एकच विचारलं, "ती वासराकडे गेली तेव्हा तू कुठे होतीस?" मी म्हटलं, पेंढा वाचवत होते. तो बर्फ बदलायला उठला. रागावला असता तर बरं झालं असतं.

सोमवारपासून मी पेंढा शोधायला लागले. शहरात राहून रागीचा पेंढा कुठे मिळतो हे मला काडीचंही माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत दूध घालणाऱ्याने दोन फोन लावून दिले. दोघांनीही हसून नाही म्हटलं. एका जनावरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन विचारलं. जेवणाच्या सुट्टीत, बसस्टॉपवर, जिथे वेळ मिळेल तिथे मी फोन करत होते आणि प्रत्येकाचं उत्तर तेच होतं: आता कोण विकतो? बुधवारपर्यंत काहीच हाती नव्हतं. गाई दिवसाला किती खातात हे आता मला कळलं होतं, आणि उरलेला पेंढा किती होता हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. रविवारी रिकाम्या हाताने जावं लागलं तर काय सांगायचं, हे मी जेवताना, आंघोळ करताना मनात घोकत होते. तेही खोटंच असणार होतं, कारण मनात पहिलं येत होतं ते निमित्त.

बुधवारी संध्याकाळी मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. तीन दिवसांत ती माझ्याशी शाळेचा डबा आणि सही यापलीकडे बोलली नव्हती. सातव्या उड्डाणाचं पान तिने भरलं होतं. मोटार, उंची, कुठे पडलं, सगळं. वाऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, रिबन चौदापर्यंत आडवी. शेवटचा रकाना रिकामा होता.

"कारण काय लिहू?" तिने विचारलं. "तू त्यांना सांगितलंस ते, की खरं?"

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. तिला खरोखरच विचारायचं होतं. वही तिची होती आणि आजवर त्यात खोटं काही लिहिलेलं नव्हतं.

"खरं लिही," मी म्हणाले.

"मग त्यांना का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"कशाची? त्या ओरडल्या पण नाहीत."

"तू नको म्हणत होतीस आणि तरी मी उडवलं, हे त्यांना कळेल याची."

मग तिथेच माझ्या टेबलाच्या कडेवर वही ठेवून तिने लिहिलं. बारीक अक्षरात, रकान्याबाहेर न जाता. आईने वारा बघूनही उडवलं. मी ते वाचेपर्यंत तिने वही मिटली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "रविवारी मी पण येणार आहे." आणि अभ्यासाला गेली.

त्या रात्री मी नवऱ्यालाही खरं सांगितलं. त्याला अंदाज होताच, असं तो म्हणाला.

गुरुवारी आमच्या कारखान्यातल्या एका टर्नरने, तुमकूरकडच्या गावात त्याच्या भावाकडे जास्तीचा पेंढा आहे असं सांगितलं. त्याच्याच ओळखीने टेम्पो ठरला. रविवारी टेम्पो पुढे आणि आम्ही मायलेकी मागे, असे तळ्यापाशी पोचलो. वाटभर पेंढ्याच्या काड्या उडून आमच्या काचेवर येत होत्या. मुलगी या वेळी पुढच्या सीटवर बसली होती, पण तिचं लक्ष रस्त्याकडे होतं. मी काय बोलणार हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. कन्नडमध्ये मी ते वाक्य मनात इतक्यांदा जुळवलं होतं, की शेवटी त्यातले शब्द जागा बदलायला लागले होते.

अक्कांनी जळलेली जागा खरवडून साफ केली होती. टेम्पो रिकामा करायला तास गेला. त्या गंजी रचत होत्या, मी आणि मुलगी पेंढ्या हातात देत होतो. टेम्पोवाला गेल्यावर सांगायचं, असं मी ठरवलं होतं. तो गेला. मग म्हटलं, हा थर होऊ दे. तोही झाला. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती, पण पेंढी द्यायचं तिने थांबवलं होतं.

"अक्का," मी म्हणाले, "त्या दिवशी वारा आधीपासूनच होता. ही मला नको म्हणत होती. मी ऐकलं नाही."

अक्का हातातली पेंढी जागेवर बसवत होत्या. ती नीट दाबून बसवली आणि मगच बोलल्या.

"ठाऊक आहे मला. मी परसात भांडी घासत होते. पोरगी तुझी बाही ओढत होती, ते मी पाहिलं."

म्हणजे आठवडाभर त्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्याच दारात, त्यांच्याच तांब्यातलं पाणी घेऊन खोटं बोलत होते तेव्हाही ठाऊक होतं. माझे कान गरम झाले. मी खाली वाकून पेंढी उचलली.

"पेंढा आणशील असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "हे सांगशील असं नव्हतं वाटलं." जरा वेळाने, पुढची पेंढी घेताना, आणखी एक बोलल्या: "पण इथे परत उडवू नकोस."

"सरी, अक्का," मी म्हटलं, म्हणजे बरं.

त्यांच्या बोलण्यात रुसवा नव्हता, पण सूटही नव्हती. गंजी पूर्ण झाल्यावर त्यांनी आम्हाला ताक दिलं. मुलीला त्या वासराकडे घेऊन गेल्या आणि दोरी कशी धरायची ते दाखवलं. मुठीत धरायची, ओढ बसली की सोडून द्यायची. मुलीने तीन-चार वेळा करून पाहिलं. मी दारातच उभी होते.

त्यानंतर कित्येक महिने आम्ही रॉकेटचं नाव काढलं नाही. परीक्षा झाली, सुट्टी झाली. राहिलेल्या मोटारी नवऱ्याने पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवल्या होत्या. मुलीला आता हे नको असेल, असं मी धरून चालले होते. तिला विचारायची हिंमत मात्र नव्हती. पाऊस सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाल्यावर एका सकाळी शाळेचे मोजे चढवता चढवता तिनेच विचारलं, "आता सगळीकडचं गवत ओलं असेल ना?"

नवी जागा शोधली. शहराबाहेरच्या एका शाळेचं लाल मातीचं मोठं मैदान. मुख्याध्यापकांना पत्र लिहून, काय उडवणार, कसं उडवणार, सोबत किती पाणी आणणार हे सगळं कळवून परवानगी घेतली. या वेळी उडवायचं की नाही हे ती ठरवणार, असं आमच्यात ठरलं. जुलैत पहिल्यांदा गेलो, ती दोन मिनिटं उभी राहिली आणि नको म्हणाली. सामान परत गाडीत भरलं. पुढच्या खेपेलाही नको म्हणाली. माझ्या मते त्या दिवशी चाललं असतं. ती तिरक्या नजरेने माझ्याकडे बघत होती. मी डिकी उघडली आणि सामान आत ठेवायला लागले. येताना आम्ही रस्त्यालगत थांबून ताटलीएवढी तट्टे इडली खाल्ली आणि शाळेतल्या कुठल्याशा भांडणाबद्दल ती सलग बोलत राहिली.

सप्टेंबरात तिने हो म्हटलं. हवा पडलेली होती. तीस पावलांवर पाण्याचे दोन कॅन आणि ओलं गोणपाट घेऊन मी उभी होते. किल्ली तिने घातली, मोजायला सुरुवात केली आणि मी गोणपाट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तिच्या प्रत्येक मोजणीला मी ते अजूनही तसंच धरते. रॉकेट सरळ वर गेलं. इतकं सरळ, की मान मागे टाकावी लागली. पॅराशूट उघडलं आणि सावकाश, थोडं डावीकडे सरकत, ते मैदानाच्या कडेच्या गवतात उतरलं.

मुलगी निघाली होती. मी तिला हाक मारून थांबवलं आणि आधी स्वतः तिथे गेले. रॉकेट उचललं नाही. गुडघ्यावर बसून त्याच्या भोवतालच्या जमिनीला सगळीकडून हात लावून पाहिला. मग तिला ये म्हटलं.